सासूबाई वगळून घटस्फोट

मला घटस्फोट हवा होता तो नवऱ्यापासून, सासूबाईंपासून नव्हे. एवढं एक वाक्य मी पहिल्याच दिवशी मोठ्याने म्हटलं असतं, तर पुढचे दहा महिने, दोन राज्यांमधली दोन न्यायालयं, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि नवऱ्याचे सहा जुने शर्ट, सगळं आपापल्या जागी सुखाने राहिलं असतं. पण आमच्या घरात मनातलं मोठ्याने बोलायची पद्धत नाही. मनातलं मनात ठेवायचं आणि वर "तुला काय वाटतं?" असं विचारायचं, ही आमची पद्धत.

हे दुखणं मला आणि नवऱ्याला सारखंच आहे. समोरच्याला आपला त्रास होऊ नये या एका ध्यासापायी आम्ही एकमेकांना अठरा वर्षं बेजार केलं. दारातून बाहेर पडताना "तू आधी", "नाही, तू आधी" करत आमच्या कितीतरी गाड्या चुकल्या आहेत. नवरा लिफ्टची तपासणी करतो. चार वर्षांपूर्वी त्याच्या कंपनीने त्याला दुसऱ्या राज्यात पाठवायचं काढलं, तेव्हा त्याने मला विचारलं, "जाऊ का?" मी म्हटलं, "तुला जायचं असेल तर जा." त्याला वाटलं, त्याने जावं असं मलाच वाटतंय. मला वाटलं, त्यालाच जायचं आहे. तो तीन महिन्यांसाठी म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. तिकडच्या लिफ्ट फार बिघडतात असं तो सांगायचा, आणि मी "हो का?" म्हणायचे.

दर रविवारी फोन व्हायचा. "कशी आहेस?" "बरी. तू?" "बरा. आई?" मग वीस मिनिटं आईबद्दल. एका रविवारी आईबद्दलचं सगळं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "हे असं किती दिवस चालवायचं?" मी म्हटलं, "तू म्हणशील तितके." तो म्हणाला, "मग कागदोपत्री मोकळं होऊया का? म्हणजे तुला चालत असेल तर." मी म्हटलं, "मला चालेल. तुला चालतंय ना?" खिडकी उघडी ठेवायची की बंद, हे ठरवायला आम्हाला याच्यापेक्षा जास्त वेळ लागला असता. आणि मग अगदी शेवटी, फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "आईला मी इकडे घेऊन येईन. तुझ्यावर किती दिवस ओझं टाकायचं?"

मी म्हटलं, "तुझी आई आहे. तू म्हणशील तसं." फोन ठेवला आणि आदल्याच दिवशी पुसलेला फ्रिज पुन्हा आतून-बाहेरून पुसून काढला.

सासूबाईंचं वय शहात्तर. दस्तनोंदणी कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं टंकलेखन केलं. शहरातल्या निम्म्या घरांची खरेदीखतं त्यांच्या बोटांखालून गेली आहेत आणि त्यातलं कुठलं घर कोणी कोणाला फसवून घेतलं ते त्यांना अजून तोंडपाठ आहे. सकाळी त्या लाल पेन्सिल घेऊन वर्तमानपत्र तपासतात. "मला काय, मी कुठेही पडून राहीन" असं दिवसातून दोनदा म्हणतात, आणि घरातली सगळ्यात चांगली खुर्ची, सगळ्यात मोठी खिडकी आणि टीव्हीचा रिमोट एवढ्यावरच भागवतात. मी चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढते. संध्याकाळी घरी आले की त्या विचारतात, "आज किती डोळे झाले?" एकदा मी दमून "एकवीस" म्हटलं, तर म्हणाल्या, "म्हणजे एक जण अर्धाच तपासून पाठवलास?" आणि खरोखरच एका म्हाताऱ्या गृहस्थांचा डावा डोळा तपासायचा राहिला होता. ते उद्या येतो म्हणून गेले होते. जगात माझ्या डोळ्यांचा हिशेब विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. नवरा गेला तेव्हा मला कपाटात जागा झाली. या गेल्या तर काय होईल, याचा विचार मी करू शकत नव्हते.

पण हे त्यांना सांगायचं कसं? 'मला तुम्ही हव्या आहात' असं म्हटलं आणि त्यांना मुलाकडेच जायचं असलं तर? त्या माझं मन मोडायचं नाही म्हणून राहतील, आणि मी आयुष्यभर त्यांच्या तोंडाकडे बघत बसेन. म्हणून मी असं ठरवलं, की घटस्फोटाचं त्यांना कळूच द्यायचं नाही. कागद हातात पडेपर्यंत तरी. नवऱ्यालाही ते पटलं. तो म्हणाला, "तुला पटत असेल तर मलाही पटतं."

कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर एका वकीलबाईंचं ऑफिस होतं, तिथे मी गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "लग्न कुठे झालं?" मी तिसऱ्याच राज्यातल्या एका गावाचं नाव सांगितलं. "तिथे कोण असतं तुमचं?" "कोणी नाही. दोन्हीकडच्या मंडळींना सारखंच अंतर पडावं म्हणून नकाशावर मोजून ते गाव काढलं होतं." वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं आणि मला नीट पाहून घेतलं. मग म्हणाल्या, "नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्या राज्यात, लग्न तिसऱ्या राज्यात. पण दोघांची संमती आहे ना, मग सोपं आहे. दोघांपैकी कोणाच्याही राज्यात अर्ज करा. कुठे करायचा ते तेवढं आपसात ठरवून या."

आपसात ठरवून या, हे त्या सहज बोलून गेल्या. दोष त्यांचा नाही, आमची त्यांना सवय नव्हती.

मी नवऱ्याला विचारलं, "अर्ज कुठे करायचा?" तो म्हणाला, "तुला सोयीचं पडेल तिथे." मी म्हटलं, "नाही, तुला सोयीचं पडेल तिथे." फोन ठेवल्यावर मी विचार केला. इथे अर्ज केला तर बिचाऱ्याला एक रात्र आणि अर्धा दिवस प्रवास करून यावं लागणार. त्यापेक्षा आपणच गुपचूप त्याच्या राज्यात जाऊन अर्ज टाकून यावा आणि मग त्याला सांगावं. सासूबाईंना मी सांगितलं, की डोळ्यांची परिषद आहे, दोन दिवस जाऊन येते. "जा," त्या म्हणाल्या, "पण परिषदेत काचा नुसत्या बघून ये, घेऊ नकोस." मी गाडीत बसले.

त्याच्या शहरातल्या न्यायालयात, लाकडी खिडकीसमोर तीन तास उभी राहून मी अर्ज दाखल केला. पोच घेतली. इतकं हलकं वाटलं, की बाहेर पायरीवर बसूनच त्याला फोन लावला. "कुठे आहेस?" तो जरा चाचरत म्हणाला, "बाहेर आहे. तू?" मी म्हटलं, "मीही बाहेरच आहे."  तेवढ्यात फोनमध्ये त्याच्या मागून एका बाईचा आवाज ऐकू आला: "आणखी थोडं सूप घे." तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

नवरा माझ्या घरी बसून सूप पीत होता. मला प्रवास पडू नये म्हणून तो एक रात्र आणि अर्धा दिवस प्रवास करून माझ्या राज्यात आला होता, अर्ज टाकून मोकळा झाला होता आणि आईला "ऑफिसच्या कामाला आलोय" असं सांगून जेवायला बसला होता. वाटेत कुठेतरी आमच्या गाड्या एकमेकींच्या शेजारून गेल्या असणार.

आता आमचे दोन अर्ज झाले होते, दोन राज्यांत. दोन्हीकडून पत्रं आली, की एकाच कारणासाठी दोन ठिकाणी दाद मागता येत नाही, एक अर्ज मागे घ्या. वकीलबाई म्हणाल्या, "कोणीतरी एकाने मागे घ्या. फक्त एकाने." मी फोनवर नवऱ्याला म्हटलं, "तुझा राहू दे, तू इतक्या लांबून येऊन टाकलास." तो म्हणाला, "नाही नाही, तुझा राहू दे, तू तर सुट्टी घेऊन गेलीस." शेवटी मी मनाशी म्हटलं, हा काही ऐकायचा नाही, आणि टपालाने माझा अर्ज मागे घेतला. त्यानेही मनाशी तेच म्हटलं. आठ दिवसांनी आमच्याकडे एकही अर्ज नव्हता. ही बातमी ऐकून वकीलबाई डोकं टेबलावर टेकवून थोडा वेळ तशाच राहिल्या. मग तशाच अवस्थेत म्हणाल्या, "मॅडम, तुमचा संसार मोडला कसा, हेच मला कळत नाहीये."

इथे आमच्या समोरच्या दारातल्या निवृत्त पोस्टमास्तरांचा प्रवेश. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. पण एकेचाळीस वर्षं टपालात काढलेल्या माणसाला पाकीट उघडावं लागत नाही, जाडीवरून कळतं. जिन्यात मला गाठून ते म्हणाले, "ताई, दोन सरकारी पाकिटं, वेगवेगळ्या राज्यांची, एकाच आठवड्यात. जमिनीचं नाही, जमिनीचं जाड असतं. काय ते ओळखलं मी. एक सल्ला देतो. लग्न झालं त्या तिसऱ्या राज्यात अर्ज करा. तिथे ओळखीचं कोणी भेटत नाही." मी त्यांचे आभार मानले आणि हे सासूबाईंच्या कानावर घालू नका म्हणून विनवलं. ते म्हणाले, "माझ्या हातून आजवर एकही पत्र चुकीच्या दारात गेलेलं नाही." आणि खरंच, पुढे जो घोटाळा झाला त्यात त्यांचा हात नव्हता. त्यांचा हात त्याच्या पुढच्या घोटाळ्यात होता.

तिसऱ्या खेपेला मी नवऱ्याला बजावलं, "अर्ज मी इथे टाकते. तू काहीही करू नकोस. हात मांडीखाली घेऊन बस." तो म्हणाला, "तुला त्रास..." मी म्हटलं, "मला त्रास होऊ दे." अठरा वर्षांत मी त्याला पहिल्यांदा मध्येच तोडलं आणि बोलून झाल्यावर मला जरा घाम फुटला.

खिडकीवरच्या साहेबांनी अर्ज वाचला आणि नवऱ्याचा पत्ता खोडला. "ओळखपत्रावर जो आहे तोच चालतो." ओळखपत्रावर त्याचा पत्ता अजून माझ्याच घरचा होता. चार वर्षांत त्याने तो बदलला नव्हता, कारण त्या खिडकीवरच्या माणसांना कशाला उगाच कामाला लावायचं. मी साहेबांना सांगून पाहिलं, की तो तिथे राहत नाही, म्हणून तर हा अर्ज. ते म्हणाले, "राहतो की नाही ते न्यायालय ठरवेल. पत्ता मी ठरवतो." अशा रीतीने मी नवऱ्याला पाठवलेली घटस्फोटाची नोटीस एका मंगळवारी दुपारी माझ्याच घरी आली. दार सासूबाईंनी उघडलं. त्यांनी ती सही करून घेतली.

संध्याकाळी मी घरी आले तर जेवणाच्या टेबलावर अर्जाची अकरा पानं ओळीने मांडलेली होती. शेजारी लाल पेन्सिल. पंधराच दिवसांपूर्वी मी स्वतःच्या हाताने त्यांना वाचायचा नवा चष्मा बसवून दिला होता, आणि तो मी उत्तम बसवला होता.  किती डोळे झाले, ते त्यांनी विचारलं नाही.

"बस," त्या म्हणाल्या. "हे टाइप कोणी केलं?"

"आई, मी तुम्हाला सांगणारच होते."

"ते नंतर. तिसऱ्या परिच्छेदात तू त्याला 'प्रतिपक्ष' म्हटलंयस, पाचव्यात 'सदर इसम'. माझा मुलगा आहे तो, सदर इसम काय? आणि हा समास बघ. असा कागद मी शिपायाच्या रजेच्या अर्जालासुद्धा दिला नसता."

"तुम्हाला वाईट वाटलं नाही?"

"वाटलं," त्या म्हणाल्या. "दुपारी बसून वाटून घेतलं. आता हे नीट करू."

आणि त्या कामाला लागल्या. नुसत्या लागल्या असत्या तर मी समजू शकले असते, पण त्या उत्साहाने लागल्या. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः वकीलबाईंच्या ऑफिसात गेल्या, तिथल्या संगणकासमोर बसल्या आणि अकरा पानांची सात केली. तिथल्या टायपिस्ट मुलीला समास कसा सोडायचा ते शिकवलं. वकीलबाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी सासूबाईंना सोमवारी आणि गुरुवारी येत जा म्हणून सांगितलं. त्या घरी गुणगुणत येऊ लागल्या. माझा संसार मोडत होता आणि घरात एक माणूस गुणगुणत होतं. मी रागावले, पण रागावलेय हेही सांगता येईना. शिवाय एका संध्याकाळी मी त्यांना फोनवर नवऱ्याला विचारताना ऐकलं, "तुझ्याकडे खिडकी कुठल्या बाजूला आहे? सकाळचं ऊन येतं का?" म्हणजे जायचं ठरलं होतं तर. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. त्यांनी विचारलं तेव्हा मी दुकानात खाल्लं म्हणून सांगितलं.

नव्याने टाइप केलेला अर्ज सही करायला माझ्यापुढे आला, तेव्हा मी थेट आठवा परिच्छेद काढला. 'अवलंबून व्यक्ती, आणि त्या यापुढे कोणाकडे राहतील.' माझ्या मूळ अर्जात वकीलबाईंनी तिथे नुसती एक आडवी रेघ मारली होती. सासूबाईंनी बाकी सगळं सुधारलं होतं, आणि इथे रेघ काढून टाकून मोकळी जागा सोडली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी विचारायला हवं होतं. मी विचारलं, "चहा टाकू का?"

पंधरा दिवसांत न्यायालयाचं पत्र आलं. नवऱ्याची नोटीस बायकोच्याच घरी, नवऱ्याच्या आईने स्वीकारली आहे, त्याअर्थी नवरा त्याच घरी राहतो असं दिसतं. वर्षभर वेगळे राहत असल्याचा पुरावा आणा, नाहीतर अर्ज निकाली. वकीलबाई म्हणाल्या, "एक साक्षीदार द्या. शेजारी चालेल. त्याने एवढंच सांगायचं, की नवरा इथे राहत नाही." आम्हाला एकच शेजारी होता.

पोस्टमास्तर इस्त्री केलेल्या कोटात आले. त्यांना खरं बोलण्याची शपथ दिली आणि त्यांनी ती फारच मनावर घेतली. न्यायाधीशांनी विचारलं, "हे गृहस्थ या घरात राहतात का?" पोस्टमास्तर म्हणाले, "टपालावरून म्हणाल तर नाही, साहेब. त्यांच्या नावाने काही येत नाही." मी सुटकेचा श्वास सोडला. "पण शर्टांवरून म्हणाल तर हो. दर बुधवारी त्यांचे सहा शर्ट गच्चीत वाळत असतात. चार वर्षं बघतोय. शपथेवर खोटं कसं सांगू?"

न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून सासूबाई उठल्या. "साहेब, शर्ट मी वाळत घालते. घरात दोन बायकाच आहेत हे चोरांना कळू नये म्हणून. दर आठवड्याला धुते, नाहीतर तेच तेच शर्ट बघून चोरांना संशय येईल." न्यायाधीशांनी खोकला आल्यासारखं केलं आणि पुढची तारीख दिली. त्या दिवशी नवऱ्याने स्वतः हजर राहून सांगावं, की तो कुठे राहतो.

जिन्यात पोस्टमास्तर मला म्हणाले, "ताई, कसं झालं?" मी म्हटलं, "छान झालं." आता काय बोलायचं त्यांना.

नवरा तारखेच्या आदल्या संध्याकाळी आला. हातात बॅग, केस पिकलेले, चेहऱ्यावर तेच जुनं 'तुमची गैरसोय तर नाही ना' असं हसू. तो उंबऱ्यात पाय टाकणार इतक्यात सासूबाईंनी दारात हात आडवा धरला.

"कुठे चाललास?"

"घरात. आई, मी प्रवासातून आलोय."

"एक रात्र या छपराखाली झोपलास, की वर्षाचं वेगळं राहणं पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. मी विचारून आलेय. समोर पोस्टमास्तरांकडे जा."

पोटच्या पोराला त्यांनी उशी-पांघरुणासकट समोरच्या दारात ढकललं. पोस्टमास्तरांना तर पाहुणा आल्याचा केवढा आनंद झाला. त्यांनी आपलं तिकिटांचं पुस्तक आधीच काढून ठेवलं होतं. जेवण आम्ही जिन्याच्या मधल्या फरशीवर ताट ठेवून पोचवलं. ठेवण्यापूर्वी सासूबाईंनी वकीलबाईंना फोन करून, ताट देणं म्हणजे एकत्र राहणं होतं का, ते विचारून घेतलं होतं. नवरा समोरच्या दारातून आणि मी आमच्या दारातून एकमेकांकडे बघत होतो. मला हसू फुटलं. त्यालाही फुटलं. चार वर्षांत आम्ही एका वेळी हसलो नव्हतो. सासूबाईंनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी नवऱ्याला विचारलं, "गेल्या वर्षभरात तुम्ही या घरात राहिलात का?"

"एक रात्र राहिलो, साहेब. अर्ज करायला आलो होतो तेव्हा."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. न्यायाधीश माझ्याकडे वळले. "त्या रात्री तुम्ही कुठे होतात?"

"यांच्या राज्यात."

"हे तुमच्या घरी आणि तुम्ही यांच्या राज्यात?"

"हो."

"तिथे काय करत होतात?"

"अर्ज. यांना प्रवास पडू नये म्हणून."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. काचा ओरखडलेल्या होत्या, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. ते म्हणाले, "वीस वर्षांत वेगळं राहण्याचा इतका भक्कम पुरावा माझ्यासमोर आलेला नाही." आणि त्यांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. मग पानं उलटत ते आठव्या परिच्छेदापाशी थांबले. "इथे काहीच लिहिलेलं नाही. या आजी कोणाकडे राहणार?"

नवरा म्हणाला, "साहेब, मी नेईन. म्हणजे, तिची हरकत नसेल तर." ते माझ्याकडे वळले. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "त्याची आई आहे. तो म्हणेल तसं."

"साहेब," मागून सासूबाई म्हणाल्या, "या दोघांना विचारत बसलात तर मी इथेच मरेन. चौतीस वर्षं मी दस्त टाइप केले, एकाही दस्तात कोरी जागा सोडली नाही. ही मुद्दाम सोडली आहे. खिडक्यांची चौकशी दोन्हीकडच्या करून ठेवली आहे, माझं कुठेही अडत नाही. पण ज्याला मी हवी असेन त्याने ती जागा भरावी. कर्तव्य म्हणून नको, आणि त्रास नको म्हणूनही नको."

 नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं, की तो आता "तू आधी" म्हणणार. मी त्याला संधीच दिली नाही.

"मला हव्यात," मी म्हटलं. फार मोठ्याने म्हटलं असावं, कारण बाहेरचा पट्टेवाला आत डोकावला. "मला त्या हव्या आहेत, साहेब. त्यांना नेऊ देणार नाही मी. याला वाईट वाटलं तरी चालेल. त्यांना वाईट वाटलं तरी चालेल. मी संध्याकाळी घरी गेले की त्या तिथे असायला हव्यात." माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही.

नवरा हळूच म्हणाला, "मला वाटलं, तू कंटाळली असशील. तू काही बोलली नाहीस."

"आत्ता बोलले," मी म्हटलं.

"बरं झालं," तो म्हणाला, आणि त्याने 'तुला चालत असेल तर' असं काही पुढे जोडलं नाही.

न्यायाधीशांनी निकाल सांगितला. दोन ओळींचा होता. अठरा वर्षं संपायला दोन ओळी पुरल्या, आणि त्या ऐकताना नवऱ्याने माझा हात धरला होता, मीही सोडवला नाही. मग कारकून आठवा परिच्छेद भरायला बसला. सासूबाईंचं नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता माझा लिहिला, आणि 'अर्जदाराशी नातं' या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं.

"सासू लिहिता येणार नाही," तो म्हणाला. "आत्ताच निकाल झाला, त्यामुळे आता त्या तुमच्या सासू नाहीत. आई लिहायचं तर दत्तकाचा कागद लागेल. परिचित लिहू का?"

मी काही सुचतंय का ते बघत होते. नवराही बघत होता. सासूबाईंनी पर्समधून चष्मा काढला, टेबलापाशी जाऊन त्या रकान्यावर बोट ठेवलं.

"नातं काय, असं विचारलंय ना?" त्या म्हणाल्या. "लिहा, आहे."

कारकुनाने न्यायाधीशांकडे पाहिलं. न्यायाधीशांनी मान हलवली. त्याने लिहिलं, आणि सासूबाईंनी ते दोनदा वाचून पाहिलं आणि मगच खाली सही केली.